बटाट्याऐवजी

पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं चौथं भोक.

फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली, एक कागद. बटाट्याऐवजी फ्लॉवर. बटाट्याऐवजी सलगम. बटाट्याऐवजी दुधी. लोण्याऐवजी काहीच नाही.

शेजारीण, जिन्यात, हसत: "आमच्या कचऱ्याच्या डब्यात एवढी बटाट्याची सालं कोण टाकतं हो? कुणी हत्ती पाळलाय की काय?"

जिन्याची तिसरी पायरी. लाकडी. वीस वर्षं ती एकाच माणसाच्या पायाखाली करकरत आली, दुसऱ्या कुणाच्या नाही. हल्ली करकरत नाही.

आज करकरली.

ओट्याशी बटाटे घोटणाऱ्या बायकोचा हात थांबला. पायरी वाजली म्हणजे नवरा आला, आणि पूर्वीसारखा, भरल्या अंगाने आला. तिच्या जिवात जीव आला. ती तशीच दाराकडे धावली.

नवराच होता. दोन्ही हातांनी पोटाशी एक लोखंडी वजन धरून उभा. वीस किलो, वर शिशाचा शिक्का.

"बाजूला हो, पायावर पडेल," तो म्हणाला. वजन खोलीत ठेवून पुन्हा खाली गेला. जाताना पायरी गप्प. येताना करकरली. पुन्हा गेला, गप्प. पुन्हा आला, करकरली.

तीन वजनं जमिनीवर ओळीने बसली.

दुकानांचे काटे आणि मापं तपासण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. बाजारात म्हणत, याच्या तळहातातच काटा बसवलाय. पुडा नुसता हातावर घेतला तरी दहा ग्रॅमची चोरी सांगतो.

"तूच म्हणालीस ना, घरचा काटा बिघडलाय म्हणून? खात्याची वजनं आणली. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

म्हणाली होती खरी. डॉक्टरांनी आठ किलो उतरवायला सांगितले होते. दोन महिने तिने फ्लॉवर उकडून, लसूण घालून, बटाट्यासारखा घोटून वाढला. "हे काय, बटाट्याचं भूत?" असं कुरकुरत त्याने तो खाल्ला. अठ्ठ्याऐंशीचा ऐंशी झाला. तिथे थांबायला हवं होतं. थांबलं नाही. दर रविवारी काट्यावर किलो-दीड किलो कमी, कधी त्याहून जास्त. मग एका मंगळवारी तिने गुपचूप बटाटे आणले. सायीचं दूध, लोण्याचा गोळा, वर पुन्हा एक गोळा. वाढताना म्हणाली, फ्लॉवर. उघडपणे बटाटे वाढायचे तर का ते सांगावं लागलं असतं. आणि ते तिच्या तोंडातून निघेना.

काटा खोटा निघाला, तर मग सगळंच खोटं. कुणाला काही विचारायला नको, कुठे जायला नको.

तो काट्यासमोर उकिडवा बसला. पहिलं वजन ठेवलं. वीस. त्यावर दुसरं. चाळीस. तिसरं. साठ.

"एक केस इकडे नाही की तिकडे नाही. सगळ्या दुकानदारांनी असे काटे ठेवले असते, तर माझी नोकरीच गेली असती."

"पुन्हा ठेवा."

"अगं, लोखंड आहे ते. पुन्हा ठेवलं म्हणून विचार बदलत नाही."

"ठेवा म्हणते ना."

त्याने ठेवली. वीस, चाळीस, साठ. मग वजनं उतरवून तो स्वतः चढला. काटा अडुसष्टवर येऊन थांबला. पुढे-मागे डुललाही नाही, इतका चटकन थांबला.

तिने मान वर केली. समोर शर्ट उभा होता. आतला माणूस शोधावा लागत होता.

"नवरा बारीक झाला म्हणून रडणारी पहिली बायको तू," तो म्हणाला.

"रडतंय कोण?"

"मग काय कांदा चिरतेस?"

तो खाली उतरला, वाकला, एक वजन उचलून छातीशी धरलं आणि पुन्हा काट्यावर चढला. काटा सरकत गेला आणि अठ्ठ्याऐंशीवर थांबला. बरोब्बर अठ्ठ्याऐंशी.

"हा बघ," तो म्हणाला. "होतो तेवढाच आहे."

पेंगुळलेलं मूल घ्यावं तसं त्याने ते लोखंड घेतलं होतं. हनुवटी शिक्क्याला टेकली होती. त्याचे दंड थरथरायला लागले आणि काटाही थरथरायला लागला, अठ्ठ्याऐंशीच्या अलीकडे, पलीकडे.

"ठेवा ते खाली."

"थांब जरा."

तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

मग हात धुऊन जेवायला बसला. तिने वाडगा भरून त्याच्यासमोर धरला. वाफ येत होती. त्याने तो टेबलावर ठेवला नाही. तळहातावर घेतला, जरासा वर-खाली केला.

"काय आहे आज?"

"फ्लॉवर," ती म्हणाली.

"छान हलका झालाय." त्याने चमचा बुडवला. सगळं संपवलं, कडेचं निपटून घेतलं, आणि रिकामा वाडगा तिच्यापुढे केला. "अजून वाढ."

सहा आठवड्यांपूर्वी, त्या पहिल्या मंगळवारी, वाडगा हातात घेतल्या घेतल्या त्याला कळलं होतं की फ्लॉवर एवढा जड नसतो.