हिराजीचं नाक

ब्याऐंशी साली विषारी वायूची सुरक्षित मर्यादा ठरवायला परदेशी मशीन आलं, तरी साहेबांनी सारसोळ्याच्या हिराजी कोळ्यालाच बोलावलं. नऊ वर्षं कारखाना त्याच्याच नाकावर चालला होता. तो 'वास आला' म्हणाला की काम बंद. मशीनसमोर सोडलेला वायू हुंगून तो म्हणाला, "वास नाय येत." त्या क्षणी काट्याखाली असलेला आकडा सुरक्षित मर्यादा म्हणून पाटीवर चढला. दुपारी घरी त्यानं टोपातलं कालवण ओरपलं. बायको किंचाळली, "अवो, म्हावरा कुजलाय, टाकाला काढलेला! वास नाय आला?" हिराजी खरकट्या हातानं कारखान्यात धावला. "साहेब, माजं नाक मेलंय!" "आकडा वर कळवला," साहेब म्हणाले. "आता नाकाचं कामच नाही." दारात दुसऱ्या पाळीचा त्याचा पोरगा पाटी वाचून निर्धास्त आत निघालेला. हिराजीनं त्याचं मनगट धरलं. "बाबा, हाताला केवढी घान!" नाक दाबत, हात सोडवून तो आत गेला.