पातळ काच

पुलाच्या इंजिनिअरने काचेचे दोन तुकडे टेबलावर ठेवले, तेव्हा सभागृहात कुणीतरी आधीच डोळे पुसत होतं.

मधल्या खांबाला तडा गेलाय, तो सांगू लागला. अशा तड्यावर आडवी पातळ काच चिकटवतात. तडा वाढला की काच तुटते. ही नऊ दिवसांत तुटली. पूल आजच बंद करायला हवा.

"तांत्रिक बाजू झाली," सभापती म्हणाले. "आता लोकांचं मन ऐकू या."

पहिली उठली ती इंजिनिअरची आई. याच पुलावरून ती नवी नवरी म्हणून आली होती, याच पुलावरून नवऱ्याला शेवटचं नेलं होतं. "हा पूल मला पोटच्या पोरासारखा आहे."

"पोर मी आहे," इंजिनिअर पुटपुटला. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मग रांगच लागली. निवृत्त मास्तर बोलता बोलता रडले. तडे माणसांनाही जातात, म्हणून आपण माणसं टाकून देतो का, असं शिंपी म्हणाला. ते वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

"साहेब, तुम्हाला या पुलाबद्दल काहीच वाटत नाही का?" मागून एका बाईने विचारलं.

"वाटतं ना. तो पडेल असं वाटतं."

सभागृहाला हे आवडलं नाही. पूल चालू राहील, असं ठरलं. शिवाय त्याच्यावरच्या प्रेमाखातर उद्या सकाळी सगळ्यांनी हातात हात घेऊन पुलावर उभं राहायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

जाताना सभापतींनी इंजिनिअरच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. या वेळी जरा जाड काच लावा."

सकाळी त्याने आईला हात जोडून विनवलं. तू लहानपणापासूनच भित्रा, असं म्हणत तिने चपला घातल्या. त्याने पुलाच्या तोंडाशी लावलेले अडथळे लोकांनी अलगद बाजूला ठेवले.

तो मधल्या खांबाखाली गुडघाभर पाण्यात उभा राहिला. नवी काच रात्रीच लावली होती, पातळच. वर पावलं दाटत गेली, घोषणा सुरू झाल्या.

काच टिचली.

"आई, उतर! उतरा सगळे!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. घोषणांत शब्द बुडाले. फाटलेला आवाज तेवढा वर पोचला.

आई कठड्यावरून वाकली. तिचा चेहरा उजळला.

"बघा," ती सगळ्यांना ओरडून म्हणाली, "शेवटी गहिवरलाच माझा पोरगा."

हातात गुंफलेले हात सोडवून सगळ्या पुलाने टाळ्या वाजवल्या.