उघड्या दारातलं जेवण

"सिडनीत दार उघडं टाकून जेवायला बसू नकोस, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणू नकोस. तिथले लोक खरंच येतात," आत्याने बजावलं होतं. बारावी होऊन नोकरीसाठी फिजीतल्या गावातून निघालेल्या उनाइसीने ते हसण्यावारी नेलं. गावात दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची, आणि त्याने "चालू द्या, आत्ताच झालं" म्हणून पुढे जायचं, हीच रीत.

पहिल्याच शनिवारी, अर्धा पगार गिळणाऱ्या खोलीत ती मासळीचा एकुलता एक डबा उघडून जेवायला बसली. समोरच्या चौदा नंबरच्या खोलीतले डेस्मंड आजोबा दारावरून चालले होते, आणि सवयीने तिच्या तोंडून हाक गेली. आजोबा थांबले. "खरंच?" म्हणाले, आत आले आणि अर्धी मासळी संपवूनच उठले. "मीठ कमी होतं हं, पोरी." दुसऱ्या दिवशी ते स्वतःची खुर्ची घेऊन आले.

"आता भोग," आत्या फोनवर म्हणाली. "आणि कसाव्याचे कंद जास्त उकडत जा."

उनाइसी जास्त उकडू लागली. दोन महिन्यांनी तिला कामावर दुपारची पाळी लागली, तेव्हा तिने लिफ्टमध्ये चिठ्ठी डकवली:

"आजपासून दुपारी मी घरी नसते. हे वाचणाऱ्यांनो, चौदा नंबरच्या आजोबांकडे जरा लक्ष द्या. जेवायला बसताना दार उघडं ठेवून त्यांना एक हाक मारा. मीठ थोडं जास्त घाला. खुर्चीची काळजी करू नका, ती ते घेऊन येतात."