समुद्राकडची खोली

समुद्राकडची वाऱ्याची खोली आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो आणि स्वतः मागे, स्वयंपाकघराच्या उकाड्यात झोपतो. "एकदा आपणही राहू की तिथे," बायको दरवर्षी म्हणते. "गिऱ्हाईक हातचं जाईल," मी म्हणतो.

काल ती म्हणाली, "एक जोडपं येतंय, चार दिवसांसाठी. आधी दाढी करा, काय तो अवतार!"

मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि फाटकात उभा राहिलो. तास झाला तरी कोणी फिरकेना. तेवढ्यात मागच्या दाराने वळसा घालून तीच आली. अंगावर ठेवणीतले कपडे, हातात आमचीच बॅग.

"मालक, खोली तयार आहे ना?"

मला हसू आवरेना. "किती माणसं?"

"दोघं. आमचे हे कधीचे फाटकात ताटकळलेत, त्यांना आधी आत घ्या."