जुनी धडधड

भीती घालवणारी लस घरोघरी सगळ्यांनीच टोचून घेतली होती. तरी हेमांगी खुनाच्या कादंबऱ्या वाचायची. कुऱ्हाडीचा घाव बसला, रक्त उडालं, की तिच्या छातीत थोडा वेळ ती जुनी धडधड परत यायची.

"जेवायच्या वेळी कसलं घाणेरडं वाचतेस?" श्रीरंग गॅलरीतून म्हणाला.

तिने पुस्तकातून मान वर केली. त्याच्या शेजारीच त्यांची तीन वर्षांची इरा कठड्यावर चढून खाली वाकली होती आणि तो निवांत बघत होता. हेमांगीच्या हातातलं पुस्तक गळून पडलं. धावत जाऊन तिने इराला फ्रॉकला धरून आत ओढलं.

तिचे थरथरणारे हात श्रीरंग बघत राहिला. मग त्याने खाली पडलेलं पुस्तक उचलून तिला दिलं.

"पुढचा खून मोठ्याने वाच," तो म्हणाला.