मास्तरांच्या मनातली काच

सुज्ञ वाचकहो, मोटारीच्या काचेला कोणती फिल्म लावावी, एवढ्याच प्रश्नाची ही हकीकत आहे. ती पदरचे काही न घालता, जशी घडली तशी आपणांपुढे निवेदन करीत आहे.

भर दुपारी एक पांढरी मोटार नानांच्या दुकानात शिरली. चालवीत होत्या एक बाई. त्यांच्यामागून एक गृहस्थ पायी चालत आले आणि दाराशीच थांबले.

"हे माझे यजमान, चित्रकलेचे मास्तर," बाई म्हणाल्या. "ते गाडीत बसत नाहीत. पण फिल्म त्यांच्याच पसंतीची हवी."

नानांचा या धंद्यात तीस वर्षांचा हात. काचांवर वाकून वाकून त्यांची मान डावीकडे कलली होती, ती कायमचीच. तुमच्या मानेवर घड्याळ टांगलं तर पावणेबाराच्या पुढे सरकायचं नाही, असे त्यांची बायको म्हणे. अलीकडे मात्र तिची थट्टा बंद झाली होती. नाना खंगत चालले होते. पुढचे ताट तसेच राही. कुठे पोते पडल्याचा आवाज झाला तरी ते दचकून उठत. बायकोने नजर लागली म्हणून तऱ्हेतऱ्हेचे उपाय केले, गुण येईना. स्वतःच्या मोटारीची काळी फिल्म त्यांनी खरवडून काढली होती आणि ती मोटार मागच्या आवारात ताडपत्रीखाली पडून होती. न्हाव्याचीच दाढी वाढलेली, असे शेजारचा टायरवाला चिडवी. नाना हसून वेळ मारून नेत.

त्यांनी बाईंना नमुने दाखवले. सत्तर म्हणजे जवळपास कोरी काच, वीस म्हणजे तिन्हीसांज. आकडा जितका लहान तितका अंधार अधिक, हेही समजावले. गिऱ्हाइकाला आत बसवायचे आणि आपण बाहेरून नमुना काचेला लावायचा, ही त्यांची नेहमीची पद्धत.

"आज उलटं करू या, दादा," बाई म्हणाल्या. "आत तुम्ही बसा. फिल्म मी धरते. आतला माणूस कितपत दिसतो, ते हे बघतील."

याआधी सहा दुकाने पालथी घातल्याचे त्यांनी सांगितले. सगळीकडे कारागिरालाच आत बसवले होते, आणि मास्तरांना एकही नमुना पटला नव्हता.

"सहा जण नापास झाले तिथं माझा काय निभाव लागणार?" नाना म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. मास्तरांकडे पाठ करून त्यांनी आवाज खाली आणला. एकुलती एक मुलगी होती, नऊ वर्षांची. ती गेली. तेव्हापासून मास्तरांनी पेन्सिल हाती धरली नव्हती, डोळ्याला डोळा लागला नव्हता. एके काळी भिंतीवरच्या सावलीवरून ते वर्गातल्या पोराचे नाव सांगत. आता हाक मारली तरी वळून बघत नसत.

"त्यांच्या मनातली काच एकदा सापडली ना, की ते झोपतील," त्या म्हणाल्या. "एवढंच मागणं आहे माझं."

मुलगी कशाने गेली, हे अशा वेळी विचारण्याची रीत असते. नानांनी विचारले नाही. ते मुकाट्याने चालकाच्या जागेवर जाऊन बसले आणि हात मांडीवर ठेवले.

"हात स्टिअरिंगवर ठेवा, दादा. चालवताना ठेवता तसे."

नानांनी ठेवले.

बाईंनी काचेवर साबणाचे पाणी मारून सत्तरचा नमुना चिकटवला. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. पन्नास झाला, पस्तीस झाला. दर वेळी नानांना बाहेरचा रस्ता अधिकाधिक मळकट दिसू लागला. विसाच्या नमुन्याला मास्तर दोन पावले पुढे आले, क्षणभर घुटमळले आणि प्रथमच बोलले.

"याहून काळी."

एवढी काळी फिल्म लावायलाच बंदी असल्याचे नानांनी सांगितले. याहून काळी आपण ठेवतच नाही, असेही सांगायला ते तोंड उघडणार होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "लावायची नाही, दादा. नुसती दाखवा."

नानांनी मास्तरांकडे पाहिले. तसेच खोल गेलेले डोळे त्यांना रोज आरशात दिसत. खालच्या खणात तसल्या काळ्या फिल्मचा एक तुकडा होता. तो फेकून द्यायचे किती वेळा ठरवले, पण हात धजला नव्हता. आपल्याला नाही तर नाही, निदान या माणसाला तरी झोप लाभावी, एवढे पुण्य आपल्या हातून घडावे, असे त्यांना अगदी मनापासून वाटले. त्यांनी तो तुकडा काढून बाईंच्या हाती दिला आणि पुन्हा आत जाऊन बसले. या वेळी स्टिअरिंगवर हात ठेवायला कुणाला सांगावे लागले नाही.

काचेवर तुकडा बसला आणि भर दुपारी आत काळोख दाटला.

मास्तर काचेजवळ आले. वाकले. मग मागे मागे सरकत रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि तिथून बराच वेळ पाहत राहिले. नाना अवघडून बसून होते. मास्तरांना हा नमुना पटावा, म्हणून ते श्वासही बेताने घेत होते.

शेवटी मास्तर परत आले. पलीकडची काच उघडीच होती, त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द आत ऐकू आला. वर्गात हजेरी घ्यावी तशा शांत स्वरात ते बायकोला म्हणाले,

"आपल्या पोरीला उडवून जो न थांबता निघून गेला, तो हाच माणूस."

आपण सर्वांनी येथवर वाचण्याचे कष्ट घेतलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे.

— अण्णा पेंटर