कापलेली कड

उद्या बाबांचं तेरावं होतं आणि हार घालायला फोटोच नव्हता. शाळेचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतःचा एक धड फोटो काढून घेतला नाही.

सुरभीने शाळेच्या वेबसाइटवरचे फोटो पिंजून काढले. फोटो केवढा आणि कसा दाखवायचा याच्या सूचना प्रत्येक फोटोच्या लिंकमध्येच होत्या. तिने त्यातला रुंदीचा आकडा वाढवला, उजेड वाढवला. ती मागेल तेवढा मोठा फोटो सर्व्हर देत होता. कुठल्याच रांगेत बाबा नव्हते.

"ते कॅमेऱ्यामागे असायचे गं. कुठून सापडणार?" आई रडवेली झाली.

शेवटी वैतागून सुरभीने लिंकमधली कडा कापायची सूचनाच खोडली. अख्खा फोटो आला. खाली, मुलांच्या पायांपाशी, फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली होती. एक कोपर बाहेर काढलेलं.

आई स्क्रीनवर वाकली. "कितीदा सांगितलं ह्यांना, कोपर आत घ्या म्हणून!"